गुन्हे, पोलीस ठाणं आणि कोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फौजदारी वकिली करणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीत जिलबीच्या आधी प्रश्न वाढले जातात. "एक विचारायचं होतं" म्हणून सुरुवात होते आणि मठ्ठा संपेपर्यंत आख्खं प्रकरण पानावर येतं. हे प्रश्न मी बरीच वर्षं एका वहीत टिपत आलोय. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे उतरवले आहेत. दोनदा सांगावं लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय. तुमच्या स्वतःच्या प्रकरणात मात्र कागद वाचणारा वकील लागेलच.

१. गुन्हे खरंच वाढलेत, की नुसत्या बातम्या वाढल्यात?

देशाचे आकडे एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी काढतो. ते वाचताना एक पथ्य पाळायचं. हे घडलेल्या गुन्ह्यांचे आकडे नाहीत, वहीत नोंदलेल्या गुन्ह्यांचे आहेत.

२०१९ मध्ये देशात सुमारे ५१.५ लाख दखलपात्र गुन्हे (म्हणजे काय ते प्रश्न ३ मध्ये) नोंदले गेले. २०२० मध्ये ते थेट ६६ लाखांवर गेले. लोक घरात कोंडलेले असताना गुन्हे इतके वाढले कसे? कारण टाळेबंदी मोडणाऱ्यांवर सरकारी आदेश न पाळल्याचे, कलम १८८ चे गुन्हे लागले. त्या एका कलमाखालचे गुन्हे २९ हजारांवरून ६ लाखांच्या पुढे गेले. पुढे २०२१ मध्ये एकूण आकडा ६१ लाख, २०२२ मध्ये ५८ लाख आणि २०२३ मध्ये ६२ लाख असा खालीवर झाला.

कल ओळखायचा तर मी खुनाचा आकडा बघतो. चोरी लपते, मारहाण मिटवली जाते, पण मृतदेहाची नोंद टाळणं अवघड असतं. देशात २०२१ मध्ये २९,२७२ खून नोंदले गेले, २०२२ मध्ये २८,५२२ आणि २०२३ मध्ये २७,७२१. लाख लोकसंख्येमागे दोनच्या आसपास. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाच दर साडेचारच्या घरात होता. "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणाऱ्या काकांना हे सांगून बघा, पटत नाही.

याउलट सायबर गुन्हे २०२१ मधल्या ५२,९७४ वरून २०२३ मध्ये ८६,४२० झाले. त्यातही मेख आहे. त्याच २०२३ साली सायबर पोर्टलवर १५ लाखांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. एवढ्या तक्रारी आणि एवढेच गुन्हे, मधल्या लोकांचं काय झालं, हा माझ्या मते वाढ-घटीपेक्षा मोठा प्रश्न आहे.

२. केरळ इतकं शिकलेलं, तरी गुन्ह्यांच्या दरात वर. असं कसं?

जिथे ठाणं तक्रार लिहून घेतं तिथे आकडा वाढतो. केरळात २०२२ मध्ये तपास पूर्ण झालेल्या भारतीय दंडविधानाच्या गुन्ह्यांपैकी ९६ टक्क्यांत दोषारोपपत्र गेलं. दिल्लीत २०१५ पासून वाहनचोरीचा गुन्हा घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येऊ लागला, म्हणजे "उद्या या" म्हणायला समोर कुणी उरलं नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. एका एफआयआरमध्ये दरोडा, मारहाण आणि खून अशी तिन्ही कलमं असली, तर एनसीआरबीच्या मोजणीत फक्त सर्वांत गंभीर गुन्हा धरला जातो. म्हणून "अमुक जिल्हा सर्वांत सुरक्षित" असा मथळा दिसला की आधी तिथलं ठाणं तक्रार घेतं का, ते विचारावं.

३. पोलिसांनी "एनसी" दिली. तोच एफआयआर ना?

नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. शिवीगाळ, साधी मारहाण, दमदाटी ही नेहमीची उदाहरणं. यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही आणि वॉरंटशिवाय अटकही करता येत नाही. एनसी घेऊन घरी येऊन "आता पोलीस बघतील" असं समजलात तर कुणीच बघणार नाही.

एफआयआर दखलपात्र गुन्ह्याची. ती नोंदली की तपास सुरू. तिची प्रत फुकट मिळते, तो फिर्यादीचा हक्क आहे. हाड मोडलंय, हत्यार वापरलंय आणि हातात एनसी ठेवली गेली, तर वैद्यकीय दाखला घेऊन परत जा.

४. ठाण्यात तक्रारच लिहून घेत नाहीत. काय करायचं?

वहीत या प्रश्नापुढे सर्वांत जास्त रेघा आहेत. माझा स्वतःचा मोबाइल एकदा बसस्टँडवर खिशातून मारला गेला. ठाणे अंमलदार फार सौजन्याने म्हणाले, "साहेब, हरवला असं लिहा, लगेच सही-शिक्का देतो." चोरी लिहायची तर त्यांच्या डोक्यावर न उलगडलेला एक गुन्हा वाढणार, गहाळ लिहिलं तर शून्य. मीही त्या दिवशी कोर्टाच्या घाईत होतो. गहाळ लिहून आलो. प्रश्न १ मधला आकडा असाही कमी होतो.

कायदा मात्र स्पष्ट आहे. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. खरं-खोटं तपासात ठरेल. ठाण्याने नकार दिला तर:

आधी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (नवे कायदे प्रश्न ६ मध्ये) कलम १७३(४) नुसार जिल्हा पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालयाच्या हद्दीत असाल तर उपायुक्तांना लेखी कळवा. तिथेही काही झालं नाही तर प्रतिज्ञापत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. कलम १७५(३) खाली ते तपासाचा आदेश देऊ शकतात. जुने वकील याला अजून जुन्या कलमाच्या क्रमांकाने "एकशे छप्पन तीन" म्हणतात. मधल्या पायऱ्या गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो, म्हणून पोच जपा.

अपवाद दोन. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांहून कमी शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलीस, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवस प्राथमिक चौकशी करू शकतात. हा मुद्दा नव्या संहितेत आला आणि टाळाटाळीला एक कायदेशीर नाव मिळालं, असं माझं मत आहे. दुसरा अपवाद तुमच्या बाजूचा आहे. बलात्कारासारख्या ठरावीक गुन्ह्यांची फिर्याद नोंदवायला नकार देणाऱ्या पोलिसावर भारतीय न्याय संहितेचं कलम १९९ लागतं, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी.

५. मी न्यू जर्सीत आहे. पुण्यात आई-बाबांना फसवलं. इथून तक्रार करता येईल?

माहिती ईमेलने किंवा ऑनलाइन देता येते. पण अशा ई-एफआयआरवर तीन दिवसांत सही व्हावी लागते, आणि तिथे परदेशातला माणूस अडकतो. सोपा रस्ता म्हणजे आई-बाबांनी स्वतः फिर्याद द्यावी. हद्दीचा प्रश्न नाही, कुठल्याही ठाण्यात "झिरो" क्रमांकाने गुन्हा नोंदता येतो आणि मग योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. वडील साठीच्या वर असतील तर साक्षीदार म्हणून जबाब द्यायला त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. आईच्या बाबतीत वयाची अटही नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हे सगळं नंतर, आधी प्रश्न १३.

६. ३०२ आणि ४२० गेले म्हणतात. नव्या कायद्यांनी नक्की काय बदललं?

१ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता, १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ५११ कलमांची ३५८ झाली. खून आता १०३, खुनाचा प्रयत्न १०९, फसवणूक ३१८, सासरचा छळ ४९८-अ ऐवजी ८५. "चारसोबीस माणूस" मात्र मराठीत तसाच राहील, "तीनशे अठरा माणूस" जिभेवर बसत नाही.

नवं काय? झुंडीने केलेल्या खुनाला वेगळं पोटकलम आलं, हिसकावून चोरीला वेगळं कलम. संघटित गुन्हेगारीचं कलम १११ देशाला नवं, महाराष्ट्राला नाही. आपल्याकडे मोक्का १९९९ पासून आहे. पाच हजारांखालच्या चोरीत पहिल्यांदा दोषी ठरलेल्याने माल परत केला तर तुरुंगाऐवजी समाजसेवा, हे मला मनापासून आवडलेलं कलम.

झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी जायचं, त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. आणि फिर्यादीला तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवायचं. हा शेवटचा हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. लेखी मागा.

बाकी बराचसा मजकूर जुनाच, क्रमांक नवे. सहा महिने आम्ही वकील दोन पुस्तकं शेजारी-शेजारी उघडून बसत होतो.

७. घटना मे २०२४ ची, तक्रार ऑगस्टमध्ये दिली. जुना कायदा की नवा?

दोन्ही. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती, हे घटनेच्या दिवशीच्या कायद्याने ठरतं, म्हणून कलमं दंडविधानाची. तपास आणि कामकाज मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे. १ जुलै २०२४ ला जे तपास आणि खटले आधीच चालू होते, ते जुन्या प्रक्रियेनेच पुढे जातात. आणखी कित्येक वर्षं कोर्टात दोन्ही भाषा ऐकू येतील.

८. पोलिसांचा फोन आला, "चौकशीला या". गेलो तर अटक करतील का?

आधी लेखी नोटीस मागा. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक हा नियम नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस द्यायची, माणूस हजर राहत असेल तर कारण नोंदवल्याशिवाय अटक करायची नाही, हे अर्णेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून ठरलेलं आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. पण नोटीस रीतसर आली आणि तुम्ही गेलाच नाहीत, तर तेच अटकेचं कारण होतं.

अटक झालीच तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचं, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची, हे मुंबईतल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं. आणि "डिजिटल अटक" नावाचा प्रकार कुठल्याही कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेश दिसला की फोन ठेवा.

९. जामीन मिळाला म्हणजे आरोपी सुटलाच ना?

नाही. जामीन म्हणजे खटला संपेपर्यंत बाहेर राहण्याची परवानगी, निर्दोष असल्याचा निकाल नव्हे. माणूस दोषी ठरायचा असतो तोवर तो आत का, याचं कारण सरकारने द्यायचं असतं, बाहेर का याचं आरोपीने नव्हे. निदान पुस्तकात तरी तसंच आहे. मोक्का, यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), अमली पदार्थ अशा खास कायद्यांत हे उलटं होतं, तिथे जामीन मिळणं फार कठीण.

लोकांना सर्वांत खटकतो तो मुदत चुकल्याने मिळणारा जामीन. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. इथे रागवायचंच असेल तर मुदत चुकवणाऱ्यावर रागवा.

१०. जामीन मंजूर होऊन दोन महिने झाले, भाऊ अजून आतच. का?

बहुतेकदा पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून. आदेशात "२५ हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार" असतं. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी. ऊसतोडीला बीडहून कोल्हापुरात आलेल्या माणसाने सात-बारा असलेला स्थानिक जामीनदार कुठून आणायचा? १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी यावरच कडक शब्द वापरले होते. पंचेचाळीस वर्षांहून जास्त काळ लोटला, कारागृहाच्या दाराशी रांग तीच आहे.

करायचं काय? जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार महिनाभरात हमी भरली गेली नाही तर कोर्ट अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. जामीनदाराऐवजी रोख रक्कम किंवा नुसता जातमुचलका यासाठी अर्ज द्या. गरीब कैद्यांसाठी केंद्राची २०२३ ची योजना आहे, तिच्यातून जामिनासाठीची रक्कम ठरावीक मर्यादेपर्यंत जिल्हा समितीमार्फत भरता येते. कोठडीतल्या प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.

११. कच्चे कैदी किती दिवस आत राहू शकतात?

२०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. जागा ४,३६,२६६ जणांची. त्यातले ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, न्यायाधीन बंदी. ज्यांना कुणीही अजून दोषी ठरवलेलं नाही, तेवढ्यांनीच तुरुंगाची सगळी जागा जवळजवळ भरते. मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात अधिकृत क्षमतेच्या कित्येक पट माणसं. तिथे झोपायला पाळ्या लावतात, हे भेटीला आलेल्या कुठल्याही आईकडून ऐकायला मिळेल.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की जामिनावर सोडायचं. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्याला एक-तृतीयांश काळ पुरे. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदा अडकलेला पोरगा एका वर्षानंतर बाहेर यायला हवा. हा अर्ज कैद्याने नव्हे, कारागृह अधीक्षकांनी कोर्टाकडे करायचा आहे. १ जुलै २०२४ आधीच्या प्रकरणांनाही हे लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं.

आता मेख. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला हे कलम लागत नाही. आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तरी नाही. आपल्याकडे मोटारसायकल चोर सापडला की जुन्या चार न उलगडलेल्या चोऱ्याही त्याच्या नावावर चढतात, हे ठाण्याशी संबंध आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे ज्याच्यासाठी कलम केलं तोच त्यातून निसटतो. सुधारणा करायचीच तर या पोटकलमापासून करावी.

शिक्षा झालेल्यांसाठी खुल्या कारागृहांचा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची भिंत नसलेली वसाहत केली. पैठण आणि मोर्शीची खुली कारागृहं नंतरची. कमी खर्चाचं, कमी पळून जाण्याचं हे मॉडेल आपल्याच घरात असताना आपण नव्या उंच भिंतींच्या निविदा काढतो.

१२. खटला इतकी वर्षं का चालतो? न्यायाधीश तारखाच का देतात?

एक दिवस मागच्या बाकावर बसून बघा. सकाळी बोर्डावर ऐंशी-नव्वद प्रकरणं. पहिल्यात आरोपी आलेला नाही, कारण त्याला कारागृहातून आणणारं पथक गणपती बंदोबस्तात. दुसऱ्यात सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, प्रयोगशाळेतून यायचाय. तिसऱ्यात तपास अधिकाऱ्यांची बदली झाली, समन्स जुन्या ठाण्यात फिरतंय. चौथ्यात पंच गाव सोडून गेला. पाचव्यात सगळे आहेत, आरोपीचा वकील दुसऱ्या कोर्टात उभा आहे. आम्ही वकीलही या पापात आहोत, ते कबूल करतो. रोजनाम्यात एक ओळ पडते, "साक्षीदार गैरहजर", आणि पुढची तारीख.

विधी आयोगाने १९८७ च्या १२० व्या अहवालात दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं म्हटलं. आजही मंजूर पदं २१ च्या आसपास आहेत, भरलेली त्याहून कमी. खालच्या न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं तुंबली आहेत, त्यांत तीन कोटींहून जास्त फौजदारी. नव्या संहितेत दोनपेक्षा जास्त तहकुबी नको असं लिहिलंय. लिहायला शाई लागते, पाळायला माणसं.

म्हणून "कायदे कडक करा" अशी मागणी आली की मी विचारतो, कुठला कायदा सौम्य होता? रखडतं ते समन्स बजावणाऱ्या एका हवालदारापाशी आणि अहवाल टाइप करणाऱ्या एका प्रयोगशाळेपाशी. त्या दोन टेबलांसाठी अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

१३. ऑनलाइन पैसे गेले. आणि माझं खातंच पोलिसांनी गोठवलं तर?

पैसे गेले की पहिल्या तासाभरात १९३० वर फोन. नंतर केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवली तरच ती हाती लागते. अडवलेली रक्कम परत मिळवायला बरेचदा न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परतीचा अर्ज करावा लागतो, आपोआप येत नाही.

दुसरी बाजू: चहाच्या टपरीवर कुणीतरी यूपीआयने साठ रुपये दिले, ते पैसे फसवणुकीचे निघाले आणि टपरीवाल्याचं खातं परराज्यातल्या पोलिसांच्या पत्राने बंद. आधी बँकेकडून पत्राची प्रत, ठाणं आणि तक्रार क्रमांक घ्या. त्या पोलिसांना व्यवहाराचा पुरावा पाठवा, आणि वादातल्या रकमेपुरताच रोख ठेवून बाकी खातं खुलं करावं अशी मागणी करा. दाद लागली नाही तर कोर्ट.

१४. पोलिसांनी "बी समरी" केली. माझी केस संपली?

समरी हा आपल्या जुन्या मुंबई इलाख्याचा शब्द, इतर राज्यांतल्या नातेवाइकांना तो कळत नाही. ए समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. बी म्हणजे फिर्यादच द्वेषाने, खोटी दिलेली. सी म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. हा पोलिसांचा अहवाल आहे, निकाल नाही. तो स्वीकारण्याआधी कोर्ट फिर्यादीला नोटीस काढतं. तेव्हा हजर राहून लेखी हरकत घ्या. कोर्ट पुढील तपास सांगू शकतं किंवा अहवाल बाजूला ठेवून थेट दखल घेऊ शकतं. बी समरी गप्प राहून मान्य होऊ दिलीत तर खोट्या फिर्यादीची कारवाई तुमच्यावरच येऊ शकते.

१५. दोघांनी मिटवलं. केस मागे घेता येते?

सगळ्या नाही. साधी मारहाण, बदनामी, धनादेश न वटणं हे तडजोडपात्र. कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ, कायद्याने तडजोडपात्र नाही, पण दोन्ही बाजू समेटाने उच्च न्यायालयात गेल्या तर ते गुन्हा रद्द करू शकतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात मात्र "कुटुंबांनी मिटवलं" हे चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते पुन्हा बजावलं.

१६. सतरा वर्षांचा मुलगा दोघांना चिरडतो आणि निबंध लिहून सुटतो. हा कुठला कायदा?

मे २०२४ मधलं पुण्याच्या कल्याणीनगरचं प्रकरण या प्रश्नामागे असतं. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट जामिनाची होती, शिक्षेची नव्हती. ती अट हास्यास्पदच होती, पण फरक लक्षात ठेवा.

सोळा ते अठरा वयातल्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा तर बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे गुन्हा "निर्घृण" लागतो, म्हणजे किमान शिक्षा सात वर्षं. सदोष मनुष्यवधाला त्या वेळच्या दंडविधानात कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान ठरलेलीच नव्हती, आणि अशा गुन्ह्यांना निर्घृण म्हणता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका दिल्लीच्या प्रकरणात सांगितलंय. जुलै २०२५ मध्ये बाल न्याय मंडळाने पोलिसांची मागणी फेटाळली. ही फट संसदेनेच बुजवायची आहे. तिथल्या आरोपांपैकी मला जास्त गंभीर वाटतो तो रक्ताचा नमुना बदलल्याचा, कारण त्यासाठी प्रौढ माणसं लागतात.

१७. फाशी द्या किंवा एन्काउंटर करा, गुन्हे थांबतील. तुम्ही का विरोध करता?

मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली, २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मरेपर्यंत जन्मठेपेत बदलली. या सात वर्षांत बलात्कार करणाऱ्या कुणी निकालपत्र वाचून विचार बदलला, असं मला वाटत नाही. पकडलं जाण्याची खात्री नसेल तर शिक्षेचा आकडा कुणाला भिववतो?

बदलापूरच्या दोन शाळकरी मुलींवरच्या अत्याचाराच्या २०२४ च्या प्रकरणात संताप खरा होता आणि त्याची ठिणगी एफआयआर नोंदवायला लागलेल्या तासांची होती. म्हणजे प्रश्न ४. पुढे आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळीने मेला, दंडाधिकारी चौकशीने पोलिसांवरच ठपका ठेवला, आणि त्या दोन मुलींसाठी आरोपीविरुद्धचा खटला कधी चाललाच नाही. एन्काउंटरनंतर स्वतंत्र तपास हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्याच प्रकरणात २०१४ मध्ये सांगितलेलं आहे.

१८. मग पोलीस सुधारणा म्हणतात ती नक्की कोणती?

कागद भरपूर आहेत. राष्ट्रीय पोलीस आयोग १९७७ ते ८१, मुंबईचे माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो यांची समिती, मलिमठ समिती. शेवटी प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतले महत्त्वाचे: महासंचालकांना आणि ठाणेदारापर्यंतच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, पोलिसांविरुद्ध तक्रार प्राधिकरण, आणि तपास व कायदा-सुव्यवस्था यांची फारकत.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात मंडळं आणि प्राधिकरण आणलं. सोबत "लोकहितार्थ" मुदतपूर्व बदलीची तरतूदही ठेवली, आणि लोकहित काय ते बदली करणाराच ठरवतो. माझ्या दृष्टीने सातांतला फारकतीचा निर्देश सर्वांत मोलाचा. सकाळी मंत्र्यांचा ताफा, दुपारी मोर्चा, रात्री गस्त आणि मधल्या वेळात खुनाचा तपास करणाऱ्या उपनिरीक्षकाकडून दोषसिद्धीची अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

१९. आपण ओरडून कायदा बदलतो का?

बदललाय. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज ठाण्यात मथुरा या नावाने ओळखल्या गेलेल्या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडलं, अंगावर जखमा नाहीत हे कारण पुढे आलं. चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा गुन्हा ठरला आणि तिथे स्त्रीने संमती नव्हती म्हटलं तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं ठरलं. तिला स्वतःला त्या बदलाचा काही उपयोग झाला नाही.

२०. ट्रकवाल्यांच्या संपातलं ते दहा वर्षांचं कलम आता लागू आहे?

नाही. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारं न्याय संहितेचं कलम १०६(२) छापील पुस्तकात आहे. जानेवारी २०२४ च्या संपानंतर केंद्राने बाकी संहिता लागू करताना तेवढं पोटकलम वगळलं. पुस्तकात बघून फिर्यादीत ते लिहू नका.

२१. अत्याचार झालेला पुरुष असेल तर कुठलं कलम?

हा प्रश्न वहीत तीनदा आलाय, तिन्ही वेळा कुणा "मित्रासाठी". जुन्या ३७७ खाली संमतीशिवायच्या प्रकारांना शिक्षा होती. नव्या न्याय संहितेत ते कलम अजिबात घेतलेलं नाही, आणि बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे. त्यामुळे प्रौढ पुरुषाच्या बाबतीत दुखापत, अन्यायाने डांबून ठेवणं, धमकी अशी कलमं जोडून फिर्याद उभी करावी लागते. घटना १ जुलै २०२४ आधीची असेल तर ३७७ अजून लागतं, प्रश्न ७ पाहा. पीडित अठरा वर्षांखालचा असेल तर मुलगा-मुलगी असा भेद न करता पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागतो. वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या, अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.